हिर्डोशीच्या वाटेवर गहू मागे राहतो

पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याला लागलं, की कापूरहोळपाशी उजव्या हाताला भोरचा फाटा फुटतो. भोर हे पंतसचिवांचं जुनं संस्थान. राजवाडा, नीरेचा काठ, गजबजलेली बाजारपेठ, सगळं काही तालुक्याच्या गावाला शोभेल असं. बेकरीत पावाच्या लाद्या, खारी, नानकटाई. वाण्याकडे मैदा, रवा, शेवया. इथपर्यंत आपण आपल्याच ओळखीच्या स्वयंपाकघरात असतो.

भोर सोडून महाडच्या रस्त्यानं पश्चिमेला निघा, म्हणजे चित्र बदलू लागतं. डोंगर जवळ येतात. गव्हा-ज्वारीच्या रानांऐवजी पायऱ्यापायऱ्यांची भाताची खाचरं दिसतात आणि वरच्या उतारांवर नाचणी-वरईच्या पट्ट्या. देवघरपाशी नीरेवर धरण आहे, नीरा-देवघर. त्याच्या पाण्याच्या कडेकडेनं वळणं घेत रस्ता हिर्डोशीला येतो. भोरपासून सुमारे तासाभराची वाट. पुढे शिरगाव, जिथे नीरा उगम पावते, आणि मग वरंधा घाट उतरला की कोकण.

हा सगळा मुलूख म्हणजे जुना हिरडस मावळ, बारा मावळांपैकी एक. बांदल देशमुखांचा आणि शिंद गावच्या बाजीप्रभू देशपांड्यांचा. १६६० साली पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना खिंड लढवणारी माणसं याच डोंगरांतून गेली. ती कशावर वाढली होती? तांदळावर, नाचणीवर, वरईवर. भरपूर पावसाच्या या उतारांवर गव्हाचं शेत शोधूनही सहसा सापडायचं नाही. गहू इथे आला तो बाजारातून आणि रेशनच्या दुकानातून. आज इथल्या घरांतही पोळी होते, यात नवल नाही. पण मावळच्या आणि घाटाखालच्या जुन्या स्वयंपाकाचा पाया गव्हाचा नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळं बाई आम्हाला कशासाठी सांगता? सांगण्याचं कारण असं, की आपल्यापैकी काही घरांत डॉक्टरांनी एक दिवस सांगितलेलं असतं : “गहू बंद. आयुष्यभर.” आणि त्या घरातल्या गृहिणीला वाटतं, आता संपलंच. पोळी गेली, शिरा गेला, वाढदिवसाचा केक गेला, दिवाळीच्या करंज्या गेल्या. मग ती शहरातल्या दुकानात ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिलेली महागडी पाकिटं शोधत फिरते. त्या गृहिणीनं हिर्डोशीच्या वाटेनं एकदा यावं. गव्हाशिवाय गोडधोड कसं करायचं, हा प्रश्न या डोंगरांना आणि त्यांच्या पायथ्याच्या कोकणाला कधी पडलाच नव्हता.

गव्हाचं वैर कुणाशी?

आधी दुखणं नीट समजून घेऊ. कणकेचा एक छोटा गोळा घ्या आणि भांड्यातल्या पाण्यात चोळून चोळून धुवा. पांढरं पाणी निघून जातं आणि हातात रबरासारखी चिवट गोळी उरते. तेच ग्लुटेन, गव्हातलं प्रथिन. पोळी लाटताना ताणली जाते, पाव फुगतो आणि फुगलेला राहतो, तो याच चिवटपणामुळे. जवात, म्हणजे आपल्या सातूत, आणि परदेशी राय नावाच्या धान्यातही त्याची भावंडं आहेत. तांदूळ, नाचणी, वरई, ज्वारी, बाजरी, मका, राजगिरा यांत ती नाहीत.

काही माणसांच्या शरीराला हे प्रथिन शत्रू वाटतं. ते पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटतं आणि अन्न अंगी लागेनासं होतं. या आजाराला सीलिअ‍ॅक म्हणतात. त्यामागचं कारण गहू आहे, हे हॉलंडमधल्या विलेम डिक नावाच्या बालरोगतज्ज्ञानं दाखवून दिलं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे भीषण उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला. आणि अशा वेळी ही आजारी मुलं मात्र सुधारली. पाव परत आला, तशी पुन्हा बिघडली. डिक यांना संशय आधीपासूनच होता. १९५० साली त्यांनी आपला प्रबंध प्रसिद्ध केला.

आपल्या देशात उत्तरेकडे, जिथे रोजची रोटी गव्हाची, तिथे साधारण शंभरात एकाला हा आजार असल्याचं पाहणीत दिसलं आहे. दक्षिणेत तो फारच कमी सापडतो. महाराष्ट्र मधला. पण शहरात राहायला आल्यापासून आपणही दोन्ही वेळा पोळी खाऊ लागलो, हे विसरू नका.

लहान मुलात तो ओळखू येतो : सारखं पोट बिघडणं, पोट फुगणं, वजन-उंची न वाढणं. मोठ्या माणसात मात्र तो लपून बसतो. आणि मैत्रिणींनो, तो सगळ्यात चांगला लपतो तो बाईत! कारण बाईच्या अंगात रक्त कमी असायचंच, तिला थकवा यायचाच, असं आपण सगळ्यांनी, आपण स्वतःही, धरूनच चाललेलो असतो. लोहाच्या गोळ्यांच्या बाटल्यांवर बाटल्या संपतात आणि रक्त काही वाढत नाही. त्याची कारणं अनेक असू शकतात, सगळ्यांनाच हा आजार असतो असं मुळीच नाही. पण गोळ्यांनी गुण येत नसेल, तर “असू दे, चालायचंच” म्हणू नका. डॉक्टरांना विचारा. टीटीजी नावाची रक्ताची तपासणी असते. गरज वाटली तर दुर्बिणीतून आतड्याचा अगदी लहानसा तुकडा काढून पाहतात. एक गोष्ट मात्र नक्की ध्यानात ठेवा. तपासणी होईपर्यंत आपल्या मनानं गहू सोडू नका. गहू सोडला की रक्तातल्या खुणा पुसट होतात आणि निदान चुकतं.

आणि निदान झालं की मग “थोडंसं खाल्लं तर काय होतंय?” हा प्रश्न सासूबाईंनी विचारो की शेजारणीनं, त्याला उत्तर एकच : होतं. चिमूटभरानंसुद्धा होतं.

गिरणीतला चोर

‘मग सोपं आहे, तांदळाचं पीठ आणू’ असं वाटतं ना? इथेच बायका फसतात. गिरणीत आपल्या तांदळाच्या आधी कुणाचा तरी गहू दळलेला असतो. जात्याच्या फटीतलं ते पीठ आपल्या डब्यात येतं. दुकानातल्या सुट्या पिठाची तीच गत. पाकीटबंद पदार्थावर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, असा आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. म्हणजे किलोभर पिठात २० मिलिग्रॅम! गिरणीतून आलेल्या पिठाची काय कथा.

म्हणून हिर्डोशीला जाऊन येताना पीठ आणायचं नाही, धान्य आणायचं. भोरच्या बाजारात आसपासच्या मावळातला तांदूळ आणि नाचणी मिळते. इंद्रायणी तांदूळ घ्या. ही जात वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं काढली, १९८७ साली. शिजल्यावर भात मऊ आणि किंचित चिकट होतो, आणि आपल्या कामाला हा चिकटपणाच हवा आहे. घरी आणून निवडा, धुवा, सावलीत सुती कापडावर वाळवा आणि घरच्या मिक्सरमध्ये किंवा घरघंटीवर दळा. घरघंटीवर गहू दळत असाल तर ती या कामाला नको. माळ्यावर आजीचं जातं असेल तर उतरवा. तेही गव्हाचं असेल, तर आधी स्वच्छ घासून, वाळवून त्यावर वाटीभर तांदूळ दळून टाकून द्या. त्याहून बरं म्हणजे मिक्सरचं एक वेगळं भांडं. नाचणी दळायला कठीण, ती दोनदा दळून बारीक चाळणीनं चाळा. चाळणीही वेगळी ठेवा, कारण गव्हाच्या चाळणीची भोकं कधीच पूर्ण स्वच्छ होत नाहीत.

स्वयंपाकघरातले आणखी काही चोर सांगून ठेवते. बाजारच्या खड्या-चुऱ्याच्या हिंगात बऱ्याचदा मैदा असतो, पाकीट वाचा. मेतकुटात मूठभर गहू असतो. थालिपिठाच्या भाजणीतही. पाककृतीत नुसतं ‘रवा’ लिहिलेलं असलं, की तो गव्हाचा. ओट्समध्ये बहुधा गहू मिसळलेला असतो. उलट उपासाचा डबा मात्र जवळजवळ सगळा निर्धोक : वरई, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा. आपल्या आज्यांनी एकादशीला केलेलं सगळं त्या आजारी माणसाच्या ताटात निश्चिंतपणे जातं, फक्त ती पिठं दळलेली कुठे, तेवढं विचारा.

नाचणी कशाला?

या आजारात आतडं थकलेलं असतं, म्हणून हाडंही कमजोर होतात. अशा वेळी नुसता तांदूळ पुरत नाही. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास चुना, म्हणजे कॅल्शियम असतं. गव्हात त्याच्या जवळजवळ दहाव्या हिश्श्याइतकंच. मूळची आफ्रिकेतली ही बाई फार जुन्या काळी आपल्याकडे आली आणि मावळाच्या उतारावर अशी रुजली, की आता ती इथलीच. २०२३ हे वर्ष जगभर भरड धान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं, शहरात नाचणीचे लाडू मानानं विकायला लागले. मावळात नाचणीला असं कौतुक कधीच लागलं नव्हतं, ती भाकरी होती.

पण ती उतारावरची शेती कष्टाची आहे. आधी राब भाजायचा, मग रोपं लावायची, पावसात उभं राहून निंदायचं, कणसं एकेक खुडायची. नदीकाठच्या सपाट खाचरांपैकी कितीतरी धरणाच्या पाण्याखाली गेली, आणि ते पाणी खाली फलटण-माळशिरसकडे जातं. गावातली तरणी माणसं पुण्या-मुंबईच्या नोकरीवर. वर उतारावर नाचणी लावणारे हात कमी होत चालले आहेत. म्हणून मैत्रिणींनो, तुम्ही भोरच्या बाजारातून घेतलेल्या पाच किलो नाचणीला अर्थ आहे. एका मुलाची हाडं त्यावर बनणार आहेत, आणि कुणा मावळणीचं शेतही त्यावर टिकणार आहे.

घाटाखालचा भट्टीवाचूनचा केक

आता गोडाकडे वळू. हिर्डोशीहून पुढे वरंधा घाटात वाघजाईचं मंदिर लागतं. तिथे चहा आणि गरम कांदाभजी. भजी बेसनाची, म्हणजे तत्त्वतः चालायला हवीत. पण त्याच तेलात आणखी काय तळलं आणि हिंग कुठला, हे विचारल्याशिवाय पथ्यवाल्याला देऊ नका. तिथून खाली दिसणारा हिरवा प्रदेश म्हणजे कोकण, आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या फळांचा केक होत आला आहे, गव्हाच्या एका कणाशिवाय. तवसळी म्हणा, धोंडस म्हणा.

मोठं जून तवसं, म्हणजे पिकायला लागलेली काकडी, किसायची. तांदळाचा जाडसर रवा तुपावर भाजायचा. गूळ, खोबरं, वेलची घालून जाड बुडाच्या पातेल्यात घालायचं. चुलीवर ठेवायचं आणि झाकणावरही निखारे. वरून आणि खालून सारखी आच! भट्टी म्हणजे तरी दुसरं काय असतं? इराण्यांच्या बेकऱ्या पुण्या-मुंबईत येण्याच्या कितीतरी आधी आपल्या बायकांनी निखाऱ्यांच्या दोन थरांमध्ये केक भाजले होते. काकडी हेही फळच, एवढंच की आपण तिला कोशिंबिरीत बसवून ठेवलं.

प्रमाण असं :

तांदळाचा रवा १ वाटी (घरी धुऊन वाळवलेला तांदूळ मिक्सरमध्ये भरडून)
किसलेलं तवसं किंवा जून काकडी, पाण्यासकट २ वाट्या
चिरलेला गूळ पाऊण ते एक वाटी
ओलं खोबरं अर्धी वाटी
साजूक तूप २ मोठे चमचे, वेलची, चिमूटभर मीठ

काकडी आधी चाखून बघा, कडू निघाली तर सगळं वाया. तुपावर रवा मंद आचेवर खमंग भाजा. त्यात काकडी, गूळ, खोबरं, मीठ घालून ढवळत राहा. वेगळं पाणी घालायचं नाही, काकडीचं पाणीच रव्याला पुरतं. दहा मिनिटांत मिश्रण घट्ट होतं. भांड्याच्या तळाला हळदीचं पान घातलंत तर वासानं शेजारी विचारायला येतील. तूप लावलेल्या भांड्यात ओता, ओव्हन असेल तर १८० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं. सुरी घालून कोरडी निघाली की झालं. पूर्ण गार झाल्यावरच कापा. गरम असताना कापलं तर भुगा होतो, आणि मग ‘गव्हाशिवाय जमत नाही’ असं ऐकावं लागतं.

ओव्हन नसेल तर काळजी नको. जुना कुकर घ्या, शिटी आणि गास्केट काढा, तळाला दोन बोटं स्वच्छ कोरडी वाळू किंवा जाडं मीठ पसरा, वर जाळी. झाकण लावून दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवा आणि मग भांडं आत ठेवा. वेळ थोडा जास्त लागतो, एवढंच. ही वाळू, हे भांडंही पथ्याच्या पदार्थांपुरतंच ठेवा.

फळांच्या पाकळ्या

मुलांना मात्र शाळेतल्या मैत्रिणीनं आणली तशी पेस्ट्री हवी असते, बशीसारखी, वर फळ दिसणारी. तीही होते, आणि तिची युक्ती आपल्याला गणपतीनं शिकवलेली आहे.

तांदळाचं पीठ गार पाण्यात भिजवलं तर तुटतं, कारण त्यात चिवट जाळी नाही. पण उकळत्या पाण्यात घातलं की त्यातलं सत्त्व फुगून चिकट होतं. म्हणून तर उकडीच्या मोदकाला दहा-अकरा नाजूक पाकळ्या पडतात! हीच उकड थोडीशी घालून आपण पेस्ट्रीचं पीठ बांधायचं. शिवाय पेस्ट्री खुसखुशीत हवी असते, चिवट नको असते; तिथे गव्हाचा चिवटपणा मुळात अडचणच असतो. म्हणजे या एका पदार्थात आपल्या तांदळाची बाजू जरा वरचढच!

तांदळाची बारीक पिठी १ वाटी
नाचणीचं पीठ अर्धी वाटी
घट्ट, गार साजूक तूप अर्धी वाटी
पिठीसाखर ३ मोठे चमचे (घरी दळलेली)
मीठ चिमूटभर, लागेल तसं गार दूध

पिठीतले दोन मोठे चमचे बाजूला काढा. पाव वाटी पाणी उकळा, त्यात ती पिठी घालून झटपट ढवळा, आच बंद करून झाका. ही उकड गार होऊ द्या. उरलेली पिठी, नाचणी, साखर, मीठ एकत्र करून त्यात गार तूप बोटांच्या टोकांनी चोळा, रवाळ दिसेपर्यंत. मग उकड घालून हलक्या हातानं गोळा करा. कोरडं वाटलं तर चमचाभर दूध. मळायचं नाही, फक्त गोळा. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.

लाटायला जाऊ नका. लहान स्टीलच्या वाट्यांना तूप लावा आणि पीठ बोटांनी आतून दाबत पातळसर बसवा. एवढ्या पिठात सात-आठ वाट्या होतात. काट्यानं टोचे मारा. १८० अंशांवर १८ ते २० मिनिटं भाजा. वाळूच्या कुकरमध्ये अर्धा तास धरा. नाचणीमुळे रंग मुळातच तपकिरी असतो, तेव्हा रंगावर जाऊ नका. कडा भांड्यापासून सुटल्या आणि खमंग वास आला की समजा. वाटीतच पूर्ण गार होऊ द्या, मग अलगद काढा.

आत घालायचं फळ मात्र घट्ट शिजवलेलं हवं. पातळ रस घातला की तळ ओला होतो. मे महिन्यात करवंदं : पिकलेली काळी करवंदं मिठाच्या पाण्यात धुवा, म्हणजे चीक जातो. थोडी शिजवून चाळणीवर चोळा, बिया बाजूला. वाटीभर गराला पाऊण वाटी साखर घालून आटवा. थेंब बशीत टाकला आणि पसरला नाही की उतरवा. करवंदात मुळातच घट्ट व्हायचा गुण असतो, दुसरं काही घालावं लागत नाही. फणसाचे दिवस असतील तर बरक्या गऱ्यांचा रस गाळून गूळ घालून आटवा. जूनमध्ये जांभूळ. आंब्याचा आटवलेला रस तर आहेच. बाकी बारा महिने केळं : तुपावर परतून, थोडा गूळ आणि जायफळ घालून.

भरलेल्या पाकळ्या त्याच दिवशी संपवा. तांदळाचे पदार्थ फ्रिजमध्ये राहिले की टणक होतात, रात्रीचा भात होतो तसे. रिकाम्या वाट्या मात्र हवाबंद डब्यात चार दिवस छान राहतात. म्हणजे शाळेतून वाढदिवसाचं आमंत्रण आलं की चमच्यानं फळ भरलं आणि दिला डबा.

केव्हा जाल, कसे जाल

हिर्डोशीला जायचं तर एप्रिल-मे उत्तम. रानमेवा तेव्हाच. पावसाळ्यात डोंगर हिरवेगार आणि धबधबे देखणे, पण वरंधा घाट दरडींमुळे अनेकदा बंद ठेवतात. निघण्याआधी चौकशी करा आणि घाटात धाडस नको. नोव्हेंबरात भात-नाचणी निघाल्यावर गेलात तर नवं धान्य मिळेल. एस्टीनं भोरपर्यंत सहज जाता येतं, पुढच्या गाड्यांची वेळ स्थानकात विचारून घ्या. रानातली करवंदं तोडताना जाळी मोडू नका, आणि कुणाच्या बांधावरची असतील तर आधी विचारा. मोलानं घेतलीत तर आणखी चांगलं.

पथ्याचं माणूस बरोबर असेल तर डबा घरूनच न्या. वाटेत कुणी प्रेमानं भाकरी पुढे केली, तर “पीठ कुठलं हो, मावशी?” असं विचारायला लाजू नका. मावळातल्या मावशी रागावणार नाहीत. गहू बाधतो म्हटल्यावर त्या म्हणतील, मग तांदळाची करते की!

शेवटी मनातलं सांगते. असं पथ्य लागलेल्या माणसाला दुखतं ते पोटापेक्षा पंगतीत. सत्यनारायणाचा शिरा सगळ्यांच्या हातावर पडतो आणि त्या मुलीला “तू नको गं” म्हणून पुढे सरकतात. हळदीकुंकवाला तिच्या पुढ्यात काहीच येत नाही. तिच्यासाठी कोपऱ्यात वेगळी बशी ठेवणं हे प्रेमच आहे, पण त्या बशीतही ती एकटीच असते.

म्हणून तवसळी करा ती पातेलंभर करा, आठ पाकळ्यांऐवजी चोवीस करा. प्रसादाला एकदा तांदळाच्या रव्याचा शिरा करून बघा. साखर, तूप, दूध, केळं तेच, आणि देवाचीही हरकत असायचं कारण नाही. तिच्यासाठी वेगळं वाढू नका. सगळ्यांनाच तेच वाढा.